ये-जा चालू ठेवायची कशी : घरातल्या थोरांची नाती, त्यांची तब्येत आणि आपण

एप्रिलात आमच्या वडगावात शिरलं की आधी ठसका लागतो. बेळगावचा हा जुना विणकरांचा भाग. गल्ल्या अरुंद, आणि उन्हाळ्यात दारोदार मिरच्या वाळत घातलेल्या. आमच्या दारात मात्र तीन वर्षं मिरची पडली नव्हती. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यात खोकल्याचा त्रास, म्हणून मीच ठरवून टाकलं होतं की चटणी-मसाला आता विकतचा आणायचा. त्यांना विसावा आणि मला शाळेच्या सुट्टीत मोकळीक.

त्यात काय गेलं हे कळायला तीन वर्षं लागली. संकेश्वरी मिरचीची देठं काढायला दरवर्षी तीन बायका आमच्या पडवीत येऊन बसायच्या. समोरची कन्नड अज्जी, शेजारच्या काकू आणि मागच्या आळीतली सासूबाईंची मावसबहीण. चार दुपारी आमच्याकडं, मग एकेकीच्या घरी तितक्याच. म्हणजे उन्हाळ्यातल्या पंधराएक दुपारी माणसांत जायच्या. मी मिरची बंद केली आणि त्या बायका यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. यायला निमित्त उरलं नाही, इतकंच.

म्हातारपणी नाती बहुतेक वेळा अशीच सुटतात. माया असते तिथंच असते, ये-जा थांबते. आणि ये-जा थांबवण्यात आपल्या काळजीचाच हात मोठा असतो. म्हणून पुढच्या पायऱ्या ये-जा परत चालू करायच्या आहेत. मी त्या दोन घरांत वापरल्यात. एक हे सासर, आणि दुसरं माझं माहेर, शिनोळीच्या पुढं चंदगड तालुक्यात, जिथं माझी आई राहते. दोन घरांच्या मध्ये राज्याची हद्द आहे, तिचाही विषय पुढं येईल.

अभ्यास काय सांगतो ते थोडक्यात. हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ पासून ७२४ पुरुषांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. पन्नाशीत जे आपल्या जवळच्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीच्या घरात जास्त धडधाकट निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा हे समाधान पुढचं जास्त सांगून गेलं. २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून ३ लाखांवर माणसांची माहिती तपासली गेली. ज्यांची नाती घट्ट होती, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जगून राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. आता, आजारी माणूस आपणहूनच माणसांत कमी मिसळतो, त्यामुळं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे दर वेळी सुटं करता येत नाही. पण इतक्या ठिकाणी तेच दिसत असेल तर आपण रक्तदाबाची गोळी जशी वेळेवर देतो, तशी या गोष्टीचीही वेळ ठरवायला हरकत नाही.

पहिली पायरी : आठ दिवस वही

शंभर पानी वही घ्या. रोज रात्री तीन रकाने भरा. घराबाहेरचं कोण भेटायला आलं किंवा कोणाचा फोन आला. आपलं माणूस कोणाकडं गेलं. आणि त्यानं कोणासाठी काय केलं. घरातली माणसं मोजायची नाहीत, टीव्ही तर नाहीच.

आमच्या घरात पाच माणसं. सासूबाई एकट्या आहेत असं कोणी म्हटलं असतं तर मी चिडले असते. वहीत आठ दिवसांत काय आलं? दूधवाला, औषधाच्या दुकानातला पोरगा, आणि चुकून लागलेला एक फोन, ज्याच्याशी त्या चांगल्या चार मिनिटं बोलल्या. तिसरा रकाना आठही दिवस कोरा. एक दिवस त्यांनी वही बघितली आणि म्हणाल्या, "माझी हजेरी मांडालीस काय गे?" मी हो म्हटलं. लपवण्यासारखं काही नसतं त्यात. उलट त्यांनीच मग सांगितलं की मंगळवारी मावसबहीण दारावरून गेली, पण हाक मारूनही थांबली नाही. ती खरंच थांबली नाही की सासूबाईंनाच तिचं बोलणं ऐकू आलं नाही, हे पुढं कळलं.

वही वाचताना तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात करा. माणसं किती येतात यापेक्षा आपलं माणूस कोणाच्या उपयोगी पडतं का, हे आधी बघा.

दुसरी पायरी : कान

ही पायरी लोक गाळतात, म्हणून इथं जरा जास्त वेळ थांबते.

वय झाल्यावर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त अशी अक्षरं निसटतात, आणि लहान मुलांचे नि बायकांचे आवाज कळेनासे होतात. म्हणून म्हातारं माणूस म्हणतं, "ऐकू येतंय, पण काय बोलालाय ते कळंना." आपण मग ओरडतो. ओरडल्यानं आवाज वाढतो, अक्षर सुटं होत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा माझ्यावर खेकसतोय. त्याच्याही पुढचा घात एका वाक्यानं होतो. नातू काहीतरी सांगतो, आज्जी "काय?" म्हणते, तो पुन्हा सांगतो, ती पुन्हा "काय?" म्हणते, आणि तो म्हणतो, "काही नाही, राहू दे." आमच्या घरात हे "राहू दे" दिवसातून किती वेळा येतं ते मी एकदा मोजलं. अकरा वेळा. अकरा वेळा एका माणसाला सांगितलं गेलं की तुझ्यापर्यंत पोचवण्याइतकं हे महत्त्वाचं नाही.

काय करायचं? आधी कानाच्या डॉक्टरकडून मळ तपासून घ्या. घरी तेल, पिन, काडी काही नको. कित्येकांचं अर्धं काम मळ काढण्यानंच होतं. मग ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचं किती ऐकू येतं याचा आलेख. श्रवणयंत्र लागलं तर पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये घालून नेऊ नका. भांड्यांचा आवाज, पंखा, लाऊडस्पीकर सगळं एकदम कानात घुसतं आणि यंत्र कायमचं कपाटात जातं. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी, दिवसाला तास-दोन तास. सवयीला काही आठवडे लागतात. आपल्याकडच्या पावसात यंत्राला दमट हवेचा त्रास होतो. रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीबरोबर ठेवा. सासूबाईंचा डबा मी मसाल्याच्या डब्यांच्या रांगेत ठेवलाय, म्हणजे सकाळी चहाच्या वेळी आपोआप हात जातो.

बोलताना समोर या, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा, हळू आणि जरा खालच्या पट्टीत बोला. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्यानं न सांगता दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि "राहू दे" हा शब्द घरातून हद्दपार करा. आमच्याकडं तो म्हणणाऱ्याला भांडी घासायची शिक्षा आहे.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्यात. त्यांत कमी ऐकू येणं आहे, उपचार न केलेलं कमी दिसणं आहे आणि एकटं पडणंही आहे. पहिल्या दोन गोष्टी तिसरीकडं कशा नेतात, हे घरात बसल्या बसल्या दिसतं.

यंत्र परवडत नसेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरांवर लक्ष ठेवा. साठीच्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या माणसांना श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, काठी मोफत मिळते.

डोळे, दात, गुडघे यांबद्दल तुम्हाला माहीत आहेच. एक गोष्ट मात्र म्हातारी माणसं स्वतःहून सांगत नाहीत, ती म्हणजे लघवीची घाई. हळदीकुंकू, भजन, बारसं टाळण्यामागं पुष्कळदा तेच असतं. "कंटाळा आला" म्हणतात. बाईनं बाईला, एकांतात विचारावं, आणि डॉक्टरला सांगावं. त्यावर उपाय असतात.

तिसरी पायरी : काम परत द्या

यंदा मी चार किलो संकेश्वरी आणली. दहा आणली असती तर दमणूक झाली असती. पडवीत बसायचं, नाकाला ओढणी, पंखा पाठीमागून, आणि कांडपाला मी जायचं. देठं काढणं त्यांच्याकडं. पहिल्या दुपारी मी समोरच्या अज्जीकडं जाऊन मोडक्या कन्नडात सांगितलं की आमच्याकडं मिरची आलीय, सासूबाईंना एकटीनं होणार नाही. यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं. "या बसायला" म्हटलं तर म्हातारी माणसं "येतो की" म्हणतात आणि येत नाहीत. "मदतीला या" म्हटलं की चपला घालतात.

तीन वर्षांचं बोलणं साचलेलं होतं. समोरच्या अज्जीच्या मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर मिरच्या; सासूबाई मराठीत विचारणार, ती कन्नडात उत्तर देणार, दोघींचं काही अडत नव्हतं. एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, आमच्या गल्लीत कोण काळ्या फिती लावतो आणि कोण लाल-पिवळा झेंडा, यावरून पुरुषमंडळी तोंडं फिरवतात. या दोघींना त्याची माहिती नाही असं नाही. पण मिरची आधी.

तुमच्या घरी मिरची नसेल. शेंगा फोडणं असेल, वाती वळणं असेल, रताळ्याचा वेल लावायला शेतावर नुसतं बसून सांगणं असेल. काम निवडताना तीन गोष्टी बघा. ते खरं असावं, उगाच करमणुकीला दिलेलं नको, म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळतं. ते दुसऱ्या माणसाशिवाय पुरं होऊ नये. आणि ते ठरलेल्या दिवशी परत यावं.

देता हात राहणं हेही कामच. कर्नाटकात गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० रुपये रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या खात्यात येतात, आणि पुष्कळ घरांत ती बाई म्हणजे सासू. यावरून सासू-सुनांची वादावादी झालेली घरं मला माहीत आहेत. आमच्याकडं पहिल्याच महिन्यात ठरवलं : पैसे त्यांचे, हिशेब विचारायचा नाही. त्या नातीला वाढदिवसाला देतात, मावसबहिणीच्या नातवाच्या बारशाला झबलं नेतात, कधी कुंदा आणायला लावतात. रिकाम्या हातानं जायची लाज वाटते म्हणून जी माणसं कुणाच्या दारात जात नाहीत, ती हातात काही असलं की जातात.

चौथी पायरी : फोन आणि फेऱ्या

माझ्या आईशी मी वर्षानुवर्षं रोज रात्री आठला बोलत होते. "जेवलीस?" "व्हय." "गुडघा?" "हाय तसाच." "बरं, ठेवू?" चाळीस सेकंद. रोज फोन करते याचं समाधान मला, तिच्या पदरात काही नाही.

मग मी विचारपूस सोडून सल्ला मागायला लागले. आंबील फसफसतंय, काय करू? काजूला मोहर कसा धरलाय? अमक्याच्या लग्नात आहेर काय करायचा? आता फोन ती ठेवत नाही. तुम्हीही एक आठवडा करून बघा : फोनवर तब्येतीचा प्रश्न शेवटी, आधी असा प्रश्न ज्याचं उत्तर फक्त तिलाच माहीत आहे. पुण्यातल्या माझ्या भावाचा व्हिडिओ कॉल रविवारी सकाळी दहाला. वेळ ठरलेली, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, म्हणजे कपाळ आणि छत दिसायचं थांबतं.

फेऱ्यांचं गणित सीमाभागात जरा वेगळं आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसमधून राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत आहे. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं, शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. सासूबाईंची धाकटी बहीण खानापूर तालुक्यात नंदगडला असते. पूर्वी वर्षातून एकदा, जत्रेला गाठ पडायची. आता महिन्याला एक फेरी आहे. शाळा-ऑफिसच्या गर्दीत पाठवू नका. अकरानंतरची गाडी, आणि तीनच्या आत परतीची.

पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ पर्यंत निम्मं, आणि बायकांना निम्मं तिकीट आहे, तेही त्या राज्याच्या हद्दीत. म्हणजे कर्नाटकातल्या बाचीपर्यंत एक हिशेब आणि शिनोळीपासून दुसरा. चढण्याआधी कंडक्टरला विचारा. अर्ध्या वाटेत तिकिटावरून बोलाचाली झाली की म्हातारं माणूस पुढच्या वेळी घरातून निघत नाही. आणि दोन राज्यांतला सीमावाद पेटला की सीमेवरच्या गाड्या बंद होतात. डिसेंबर २०२२ मध्ये झालं, फेब्रुवारी २०२५ मध्येही झालं. त्या दिवसांत आई फक्त एवढंच विचारते, "गाडी चालू झाली काय?" तेव्हा दिवसातून दोनदा फोन करते, आणि औषधं नेहमी पंधरा दिवसांची जादा ठेवते. तिची औषधं बेळगावातूनच जातात.

पाचवी पायरी : नवरा-बायको

२००५ साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका अभ्यासात ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक जखमा करून त्या भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. एकमेकांशी तुसडेपणानं बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या ६० टक्के वेगानंच भरल्या. भांडण अंगात उतरतं, ते असं.

आमच्या सासऱ्यांचा माग बंद झाला आणि ते दिवसभर घरी बसायला लागले. पन्नास वर्षं दोघं सुखानं नांदली होती, कारण दिवसाचे दहा तास ते मागावर असायचे. आता ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून, "कांदा असा चिरतात काय?" उपाय फार मोठा नाही. दोघांना वेगवेगळे दोन-तीन तास द्या, आणि एक गोष्ट रोज दोघांची ठेवा. ते सकाळी भाजी आणायला जायचे, चहा मात्र चारला दोघांचा, पडवीत, बाकी कोणी तिथं जायचं नाही.

सहावी पायरी : पुरुषांची माणसं

बायका समोरासमोर बसून बोलतात. आपल्याकडचे पुरुष एकाच दिशेला तोंड करून बोलतात, मारुतीच्या कट्ट्यावर, वाचनालयात पेपर पुढं धरून, भजनात टाळ वाजवताना. काम किंवा जागा सुटली की त्यांचे मित्रही सुटतात, आणि ते स्वतःहून कोणाला फोन करत नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळं गावोगाव निवृत्त फौजी आहेत. पलटणीतला मित्र दहा मैलांवर असतो, पण "उगाच कशाला त्रास" म्हणून दोन-दोन वर्षं भेट नसते.

त्यांना "मित्रांना भेटा" असं सांगून उपयोग नाही. जबाबदारी सोपवा. कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. वर्गणी, मंडप, खुर्च्या, पाहुण्यांची ने-आण यांना भरवशाची माणसं लागतातच. दिंडीचा हिशेब, हरिपाठाची वेळ, गणेशोत्सवाची जुनी कागदपत्रं, काहीही.

ज्येष्ठ नागरिक संघ सगळ्यांना मानवत नाही, आणि न मानवणं काही दोष नाही. वय वाढेल तशी माणसं ओळखी कमी करतात आणि मोजक्या जिव्हाळ्याच्या माणसांना धरून राहतात, हे मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी मांडलंय. दोन-तीन पक्की माणसं पुरतात. वीस जणांच्या सहलीला ढकलून पाठवू नका.

सातवी पायरी : नातवंडं

आमची नात इंग्रजी शाळेत, कन्नड तिला लिहिता-वाचता येतं, मराठी बोलते पण वाचताना अडखळते. सासूबाई मराठी चौथी, कन्नड अक्षर ओळख नाही. दोघींकडं एकमेकींना हवं ते आहे. महिन्याचं हेस्कॉमचं वीजबिल आणि कुठलीही सरकारी चिठ्ठी नात मोठ्यानं वाचते आणि मराठीत समजावते. त्या तिच्याकडून पेपरातली एक बातमी रोज मराठीत वाचून घेतात. चुकलं की टोकतात. पोरगी कुरकुरते. पण परवा परीक्षेच्या आदल्या रात्री ती आपणहून आज्जीच्या अंथरुणात जाऊन झोपली.

आठवी पायरी : जमीन, घर, सही

माया कितीही असू द्या, उताऱ्यावरून जी नाती तुटतात ती वहीतल्या रकान्यांनी जुळत नाहीत. म्हणून ही पायरी अंगात त्राण आणि डोक्यात शुद्ध असतानाच चढा.

सगळ्या मुलांना एका दिवशी, एका खोलीत बसवा. मुलींनाही, जावयांना नको. काय आहे, कोणाच्या नावावर आहे, कर्ज किती, दागिने कोणाकडं, हे थोरानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. त्या दिवशी वाटणी करू नये, नुसतं सांगावं. पुढची पाच भांडणं इथंच मिटतात.

आपल्या भागात कागद कन्नडात असतो. कन्नड वाचता येत नसेल तर सब-रजिस्ट्रारच्या दारात कोणी "इथं अंगठा द्या" म्हटलं म्हणून देऊ नका. आदल्या दिवशी मसुदा घरी आणा, ज्याला त्या जमिनीत काही मिळणार नाही अशा माणसाकडून ओळन् ओळ मराठीत समजून घ्या, मग सही.

राहतं घर किंवा शेत मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं करून द्यायचं असेल, तर "मला आणि पत्नीला शेवटपर्यंत सांभाळायचं, खायला-प्यायला, औषधपाणी करायचं" ही अट त्या कागदातच स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर न्यायाधिकरणाकडं तो व्यवहार रद्द करून मागता येतो. अट कागदात नसेल तर पुढं सिद्ध करताना दमछाक होते. मुलं सांभाळत नसतील तर त्याच कायद्याखाली दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं, बेळगाव जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल असे तीन प्रांत आहेत. माझं मत विचाराल तर अट लिहून मागितल्यावर जो मुलगा रुसतो, त्याला जमीन द्यायची घाई करू नये.

नववी पायरी : सांभाळणारीला विसरू नका

ही पायरी लिहिताना मी जरा पक्षपाती आहे. घरातल्या थोराची नाती, औषधं, फोन, फेऱ्या हे सगळं बहुतेक घरांत एकाच बाईच्या डोक्यावर असतं. ती थकली की आवाज चढतो, आणि मग वर सांगितलेलं सगळं वाया जातं.

पुण्या-मुंबईतल्या भावंडांनी पैसे पाठवले की आपलं काम झालं असं समजू नये. वर्षातून पंधरा दिवस येऊन राहा, आणि त्या काळात सांभाळणारीला घराबाहेर पाठवा. आठवड्यातली एक दुपार तिची. आमच्याकडं ती बुधवारी असते. त्या दुपारी शेजारच्या काकू सासूबाईंजवळ बसतात, आणि त्यांच्या घरी गरज पडते तेव्हा मी बसते.

दहावी पायरी : माणूस गेल्यावर

जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागं राहिलेल्याच्याही जिवाला धोका वाढतो, हे अनेक देशांत दिसलंय. आपल्याकडं तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं आणि चौदाव्या दिवशी रिकामं. म्हणून कॅलेंडरवर आत्ताच खुणा करा : महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी जायचं. गेल्यावर गेलेल्या माणसाचं नाव घ्या. विषय टाळण्यानं दुःख टळत नाही.

मैत्रीण गेली तर कोणी भेटायलाही येत नाही. मिरचीनंतर दोन महिन्यांनी, ऐन पावसात, समोरची अज्जी गेली. सासूबाईंना ना सुतक, ना कोणी समाचाराला आलं. त्या दोन दिवस पडवीत बसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिची सून एक पितळी डबी घेऊन आली. अज्जीची पान-सुपारीची. "यांनाच द्या म्हणाल्या होत्या," असं मोडक्या मराठीत म्हणाली. सासूबाई पान खात नाहीत. डबी श्रवणयंत्राच्या डब्याशेजारी आहे.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक गेली, आंघोळ-कपड्यांकडं लक्ष नाही, सारखं अंग दुखतंय पण तपासण्यांत काही सापडत नाही, "माझं आता काय राहिलंय" असं पुन्हा पुन्हा येतंय, तर त्याला वयाचा भाग म्हणून सोडू नका. म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी दुखण्यातून आणि चिडचिडीतून बाहेर येतं, आणि त्यावर औषध असतं. डॉक्टरला दाखवा. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो. भाषा विचारतात तेव्हा मराठी सांगा. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. मरणाची भाषा निघाली तर माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे दोन्ही नंबर मी जाड मार्करनं लिहून फ्रिजवर लावलेत. सासूबाईंनी खाली तिसरा लिहायला लावला, समोरच्या सुनेचा.